बेटाबेटांमधला वारा

आपल्या घरांत अलीकडे एक नवी बातमी येऊ लागली आहे. नातू किंवा नात शब्बाथच्या जेवणाला येते आणि सहज सांगते, "आजी, आम्ही मित्रमंडळी ग्रीसला चाललो. शिडाची बोट घेणार, आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर." आजीच्या पोटात गोळा येतो. विमान समजते, हॉटेल समजते. पण शीड? समुद्र? आणि सुकाणूवर कोण, तर काल-परवापर्यंत सायकलवरून पडणारा आपला नातू!

आम्हांलाही तसेच वाटत असे. मग गेल्या जून महिन्यात आम्ही स्वतःच जाऊन पाहिले. आम्ही म्हणजे अश्दोद, लोद आणि बेरशेबा येथील अकरा वडीलधारी माणसे, बहुतेक सत्तरीच्या आसपासची, आणि बोट चालविणारी आमचीच चार मुले-भाचे. दोन बोटी होत्या. या प्रवासात काय असते, कशाची भीती बाळगावी आणि कशाची बाळगू नये, हे आपल्या वाचकांना नीट कळावे म्हणून हा लेख.

बोट आणि ताफा

अशा प्रवासाची बोट साधारण बारा मीटर लांब असते. वजन आठ-नऊ टन. त्यांपैकी दोन-अडीच टन वजन पाण्याखाली, बोटीच्या तळाला जोडलेल्या जड लोखंडी कण्यात असते. त्यामुळे वाऱ्याने बोट एका बाजूस झुकली तरी तो कणा तिला पुन्हा सरळ करतो. आपल्याकडील लहान होडी उलटते, तशी ही बोट सहसा उलटत नाही. हे आम्हांला आधी ठाऊक असते, तर पहिल्या दिवशी आमच्यातील निम्म्या बायका तेहिल्लीम पुटपुटत बसल्या नसत्या.

आत तीन-चार लहान खोल्या, एक स्वयंपाकाची जागा, एक-दोन संडास. गॅसची शेगडी झोक्यासारखी टांगलेली असते. बोट झुकली तरी शेगडी सपाट राहते आणि चहा सांडत नाही. गोडे पाणी टाकीत तीन-चारशे लिटर, म्हणून ते जपून वापरायचे. संडासाला बारीक नळी असते. तिच्यात कागद टाकला की ती तुंबते, म्हणून कागद वेगळ्या डब्यात. हे सांगायला संकोच वाटतो, पण आधी सांगितलेले बरे.

एकट्यादुकट्याने न जाता पुष्कळ लोक ताफ्याने जातात. आमच्या ताफ्यात वेगवेगळ्या देशांच्या लोकांच्या नऊ बोटी होत्या. सर्वांच्या पुढे एक प्रमुख बोट. तिच्यावर ताफ्याचा प्रमुख आणि एक यंत्रदुरुस्ती जाणणारा माणूस. रोज सकाळी धक्क्यावर सर्व सुकाणूवाल्यांची बैठक होते : आज वारा किती, कुठून, कुठे जायचे, वाटेत खडक कुठे आहेत, पोहोचल्यावर कुठे बांधायचे. दिवसभर बोटी एकमेकींशी रेडिओवर बोलतात. संकटासाठी सोळा क्रमांकाची वाहिनी जगभर ठरलेली आहे आणि तिच्यावर सतत कान असतो. रात्री आमचा ताफा समुद्रात नसे. दिवस मावळायच्या आत बंदर.

नातवंडांच्या बाबतीत एक गोष्ट अवश्य विचारावी : परवाना कोणाकडे आहे? ग्रीसमध्ये चालकाशिवाय बोट भाड्याने घ्यायची तर एकाकडे परवाना लागतोच आणि दुसराही अनुभवी माणूस बोटीवर असावा लागतो. इस्राएलमध्ये शिडाच्या बोटीसाठी 'मशीत ३०' हा परवाना प्रचलित आहे. त्यासाठी अभ्यास, परीक्षा आणि समुद्रावरचा सराव करावा लागतो. आमच्या भाच्याने तो केला, तेव्हा कुठे आमचा जीव थोडा भांड्यात पडला.

हा वारा कुठून येतो?

आम्ही गेलो ती बेटे तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत आहेत. त्यांच्या समूहाचे नावच 'बारा बेटे' अशा अर्थाचे आहे, जरी लहानमोठी धरून ती बारांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत. ज्याला इस्राएलमध्ये आपण रोदोस म्हणतो, ते ऱ्होड्स त्यांतले सर्वांत मोठे. तेथून वायव्येस सिमी, तिलोस, निसिरोस आणि कोस.

उन्हाळ्यात तेथे एक वारा वाहतो. त्याला मेल्तेमी म्हणतात. जुने ग्रीक लोक त्याला 'दरवर्षीचा' अशा अर्थाचे नाव देत. या बेटांवर तो बहुधा वायव्येकडून येतो, जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जोरात असतो आणि सप्टेंबरात ओसरतो.

आता गंमत ऐका. उन्हाळ्यात उत्तर हिंदुस्थान आणि पाकिस्तानची जमीन तापते, तेथील हवेचा दाब उतरतो आणि अरबी समुद्रावरून ढग ओढले जातात. तोच आपला कोकणचा पाऊस. पण हा कमी दाबाचा पट्टा तेथेच संपत नाही. त्याचे शेपूट इराणवरून थेट तुर्कस्तानपर्यंत पोहोचते. त्याच वेळी बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त असतो. मधल्या समुद्रावरून हवा धावू लागते, तोच मेल्तेमी. म्हणजे अलिबागला ज्या दिवसांत पागोळ्या गळतात, त्याच दिवसांत सिमीच्या धक्क्यावर दोर कर्रकर्र वाजतात, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच तापलेली जमीन आहे!

फरक एवढाच, की आपला पावसाळा आधी वर्दी देतो. आभाळ काळे होते, वीज चमकते, कोळी होड्या वर ओढतात. मेल्तेमी स्वच्छ निळ्या आकाशाखाली येतो. ऊन लख्ख, ढगाचा ठिपका नाही, आणि समुद्र मात्र पांढरा झालेला. म्हणून तेथे आकाश पाहून निघायचे नसते. हवामानाचा अंदाज वाचून निघायचे असते.

शिडाचे गणित

वारा पाठीमागून असेल तर शीड बोटीला ढकलते, हे कोणालाही कळते. पण वाऱ्याच्या दिशेने जायचे असेल तर? शिडाचा आकार विमानाच्या पंखासारखा फुगीर असतो. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहताना शीड एका बाजूस ओढले जाते. तळाचा कणा बोटीला आडवे घसरू देत नाही, म्हणून ती पुढे सरकते. थेट वाऱ्यावर मात्र कोणतीही शिडाची बोट जाऊ शकत नाही. सुमारे पंचेचाळीस अंश तिरके जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरके. घाटातल्या नागमोडी रस्त्यासारखे. त्यामुळे दहा मैलांचे अंतर चौदा मैलांचे होते. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अशी बोट तासाला पाच-सहा मैल जाते, म्हणजे साधारण धावणाऱ्या माणसाच्या वेगाने.

वाऱ्याविषयी दोन गोष्टी आम्ही तेथे शिकलो. पहिली : वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून शहाणा सुकाणूवाला वारा वाढण्यापूर्वीच शीड आखडून लहान करतो. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. वारा पाठीशी असला की तो कमी वाटतो, कारण बोटही त्याच्याच दिशेने पळत असते. पंचवीसचा वारा अठराचा भासतो. माणसे टोप्या काढून गप्पा मारतात. बोट वळली की कळते, खरा वारा किती होता ते.

वाटेवरची बेटे

मेल्तेमी वायव्येचा, म्हणून आमचा बेत असा होता की ताकद असताना आधी वाऱ्याविरुद्ध जावे आणि परतीला वारा पाठीशी घ्यावा. रविवारी ऱ्होड्सहून निघून सिमी, मग तिलोस, मग निसिरोस, आणि शुक्रवारी दुपारी पुन्हा ऱ्होड्स.

तिलोस लहान आणि शांत बेट. तेथील एका गुहेत ठेंगण्या हत्तींची हाडे सापडली आहेत. निसिरोस म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. त्याच्या विवरात उतरून चालता येते, पायाखालची जमीन कोमट लागते आणि गंधकाचा वास दिवसभर कपड्यांना राहतो. सिमीचे बंदर सर्वांत देखणे : डोंगराच्या उतारावर पिवळी, गुलाबी घरे, एकावर एक रचल्यासारखी. पूर्वी तेथील माणसे समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढीत.

बंदरात शिरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते. भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये कधी खाली उतरावे लागे, तर कधी वर चढावे लागे, हे आपल्याला आठवत असेल. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम वीत-दोन वीत. म्हणून तेथे बोट पुढून नांगर टाकते, मागे मागे येते आणि पाठ धक्क्याला लावून दोन दोरांनी बांधतात. मग एक अरुंद फळी टाकून उतरायचे. अशा वेळी शेजारच्या बोटीवरचा कोणीतरी, ओळख नसली तरी, हातातला चहा ठेवून आपला दोर झेलायला उभा राहतो. हा त्या लोकांचा न लिहिलेला कायदा आहे. आमच्या बायकांनी तिसऱ्या दिवसापासून दोर झेलणाऱ्या प्रत्येकाला चहा आणि चकली द्यायला सुरुवात केली. पुढच्या बंदरात आमच्या दोरासाठी चार-चार माणसे उभी दिसू लागली!

आपल्या वयाच्या माणसांसाठी

समुद्रापेक्षा आम्हांला त्या फळीची अधिक भीती वाटली. तिच्यावरून नेहमी कोणाचा तरी हात धरून, अनवाणी किंवा रबरी तळव्याच्या बुटांनी जावे. बोट चालू असताना एक हात नेहमी कशाला तरी धरलेला असावा. आतला जिना शिडीसारखा उभा असतो, म्हणून तोंड जिन्याकडे करून उतरावे. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांना बारीकसारीक ठेचांनीही मोठे निळे डाग पडतात, त्यांनी विशेष जपावे.

बोट लागते त्यांनी आत पडून राहू नये. बाहेर बसावे, दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, थोडे कोरडे खावे, आल्याचा तुकडा चघळावा. उलटी थांबविण्याच्या गोळ्या निघण्यापूर्वी घ्याव्या लागतात. पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्यांतल्या काही गोळ्या चालत नाहीत. आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि जुलै-ऑगस्ट टाळावे. मे, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबरचा शेवट बरा. आम्ही जूनच्या उत्तरार्धात गेलो, ही आमची चूक.

खाण्याची अडचण फारशी पडली नाही. भांडी आणि कोरडा शिधा घरून नेला. धक्क्यावर टांगलेल्या ऑक्टोपसकडे पाठ फिरवली. आपण येथे ज्याला डेनिस आणि लवराक म्हणतो तेच मासे तेथे त्सिपुरा आणि लवराकी या नावांनी मिळतात. पर आणि खवले पाहून घेतले आणि बोटीवरच नारळाच्या दुधात शिजविले.

शब्बाथचा प्रश्न मोठा. तालमूदमध्ये सांगितले आहे की शब्बाथला तीन दिवस उरले नसतील तर गलबतावर चढू नये. आमचा बेत साधा होता : शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी बोट धक्क्याला बांधलेली असावी. पण समुद्र आमचा बेत वाचत नव्हता.

सिमीला अडकलो ते

ऱ्होड्सला शुक्रवारी पोहोचण्यामागे केवळ फिरण्याची हौस नव्हती. आमच्या सोबतच्या एका भाऊंची सून ऱ्होड्सच्या सेफार्दी घराण्यातली आहे. तिच्या पणजीला तेथून नेले होते. २३ जुलै १९४४ रोजी जर्मनांनी ऱ्होड्सच्या सुमारे सतराशे यहुद्यांना बोटींत कोंबले. वाटेत कोसच्या शंभरेक यहुद्यांना घेतले आणि मेल्तेमीच्या त्या दिवसांत, याच बेटांच्या मधून, आठवडाभराने पिरेयसला उतरविले. तेथून आगगाडीने ऑश्विट्झ. ऱ्होड्सचे सुमारे दीडशे लोक वाचले. तुर्की वाणिज्यदूत सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाच्या आधारे चाळीसेक लोकांना सोडविले, म्हणून त्यांचे नाव आज याद वाशेममध्ये आहे. भाऊंनी सुनेला शब्द दिला होता की शुक्रवारी संध्याकाळी तेथील काहाल शालोम सिनेगॉगमध्ये तिच्या पणजीसाठी कद्दीश म्हणेन.

गुरुवारी रात्री आम्ही सिमीत होतो. शुक्रवारी सकाळी आकाश निळे, ऊन लख्ख. ताफ्याची प्रमुख, एक तिशीतली ग्रीक मुलगी, धक्क्यावर येऊन म्हणाली, "आज कोणी निघायचे नाही. वारा सात."

भाऊ रागावले. अंतर फक्त वीस-पंचवीस मैल, वारा पाठीशी, मग अडचण काय? तिने शांतपणे समजाविले. वाटेत काहीच वाटणार नाही, पण ऱ्होड्सच्या उत्तर टोकाला समुद्र उसळलेला आहे, बंदराचे तोंड त्याच बाजूला उघडे आहे, तेथे वळताना वारा आडवा येईल आणि तेव्हा परत फिरता येणार नाही. भाऊ म्हणाले, "मी शब्द दिला आहे." ती म्हणाली, "मी पंधरा माणसांच्या घरच्यांना शब्द दिला आहे."

आमच्यात दोन तट पडले. शेवटी आमच्यातील सर्वांत वयस्कर बाई, ज्या दिवसभर फारसे बोलत नसत, त्यांनी एकच शब्द उच्चारला : "रामदास."

आपल्या पिढीला अधिक सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट. प्रवास थोडक्या तासांचा, रेवस जणू समोर दिसणारे. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्या घरांत पावसाळ्यात रेवसच्या बोटीचे नाव काढले की म्हातारी माणसे गप्प होत.

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. भाऊ उठून बोटीच्या टोकाशी जाऊन बसले.

शब्बाथ सिमीच्या धक्क्यावर झाला. आमच्यात पुरुष सात. ताफ्यात आणखी यहुदी नव्हते. मिन्यान होईना, म्हणून कद्दीश म्हणता आला नाही. किद्दूश केला, तेहिल्लीम वाचले. दुपारी ती प्रमुख मुलगी येऊन भाऊंच्या शेजारी बसली आणि पणजीचे नाव विचारून गेली. रात्रभर डोलकाठ्यांमधून वारा शिट्टी घालीत होता. रविवारी पहाटे तो चारवर उतरला. साडेचार तासांत आम्ही ऱ्होड्सला पोहोचलो. टोकाला वळसा घालताना उरलेल्या लाटांनी बोट अशी हलविली की शुक्रवारी काय झाले असते, ते कोणी कोणाला विचारले नाही.

काहाल शालोम १५७७ साली बांधलेले आहे. ग्रीसमध्ये वापरात असलेल्या सिनेगॉगांत ते सर्वांत जुने. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी. जवळच 'यहुदी हुतात्म्यांचा चौक' आहे. आम्ही गेलो तेव्हा आत पाहुणे होते, पण दहा यहुदी पुरुष नव्हते. भाऊ भिंतीवरील नावे वाचीत बराच वेळ उभे राहिले. कद्दीश त्यांनी पुढच्या आठवड्यात अश्दोदला आपल्या सिनेगॉगमध्ये म्हटला. सून शेजारच्या भागात उभी होती.

आपण समुद्रातूनच आलो

नौगावच्या किनाऱ्यावर, खांदेरी-उंदेरीच्या जवळ, फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा. बाकीच्यांना तेथेच माती दिली. त्यांच्या गलबताला वारा किती आहे हे सांगणारे कोणी नव्हते. पुढे त्याच किनाऱ्यावर आपल्या माणसांनी आंग्र्यांच्या आरमारात चाकरीही केली. म्हणजे समुद्राची भीती आणि समुद्राची ओळख, दोन्ही आपल्या रक्तात आहेत.

म्हणून नातवंडे विचारतील तेव्हा त्यांना नाही म्हणू नये, असे आमचे मत आहे. परवाना विचारावा, महिना विचारावा, ताफ्याने जाणार की एकटे ते विचारावे. आणि एक प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा : "परत यायचा दिवस चुकला तर चालेल ना?" जो "चालेल" म्हणतो, त्याला खुशाल पाठवावे. ज्याचे विमान, नोकरी आणि दिलेले शब्द सारे एकाच दिवसावर टांगलेले असतात, त्याला दोन दिवस हाताशी राखायला सांगावे. तेवढे केले की समुद्र पुष्कळ सोपा होतो.

समुद्रप्रवास करून सुखरूप आलेल्याने आभाराची बेराखा म्हणावी, असे आपले शास्त्र सांगते. आम्ही ती मिन्यानसमोर म्हटली. मग घरी एलियाहू हन्नाबींच्या नावाने मलिदा केला : पोहे, खोबरे, साखर, वेलदोडे आणि फळे. भाऊंनी पहिली मूठ सुनेच्या हातावर ठेवली.